विहीणबाईंची सरदारीण, व्याहीबुवांचा शार्क

ओबदुलियाच्या अंगणात जी उभी असायची तिला नुसती 'गाडी' म्हटलेलं ओबदुलियाला मुळीच खपायचं नाही. ती मार्केसा होती. मार्केसा म्हणजे सरदारीण. १९३० ची काळी फोर्ड, कणा ताठ, डोक्यावर चौकोनी टप, चाकांना सायकलीसारखे आरे. तिच्यात बसायचं तर आधी पायरीवर पाय ठेवायचा, झगा सावरायचा, आणि मग आत जायचं. तिचा हॉर्न वाजला की अख्ख्या सान्तियागोतल्या निम्म्या कोंबड्या वेळेआधी अंडं घालतात, असं ओबदुलिया सांगायची. उरलेल्या निम्म्या बहिऱ्या आहेत, हेही तीच सांगायची.

आणि समोरच्या अंगणात होता तिबुरोन. तिबुरोन म्हणजे शार्क. १९५७ ची शेवरोले, आकाशी रंगाची, बिनटपाची, मागे दोन पंख हे एवढाले वर काढलेले, आणि पुढे चकाकत्या बंपरचं हसू. एवारिस्तो म्हणायचा, "माझं पुढचं चाक दारात पोचतं ना, तेव्हा मागचं चाक अजून वळणावर कोपऱ्यावरच्या बायकांना सलाम करत असतं." एवारिस्तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याची मिशी अठ्ठावीस वर्षांची, दर पंधरा दिवसांनी न्हाव्याकडे जाऊन तो तिला तरुण करून आणायचा.

ही दोघं एकमेकांची विहीण आणि व्याही. ओबदुलियाची मुलगी एवारिस्तोच्या मुलाला दिलेली. लग्नाला वीस वर्षं झाली, तेवढ्या काळात या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ती म्हणजे नात. युस्नेलिससारखी पोरगी आख्ख्या बेटावर नाही. बाकी सगळ्यावर भांडण. सकाळी कॉफीचे कप घेऊन दोघं आपापल्या दारात बसायची आणि मधल्या चढाच्या गल्लीवरून तोफा सुरू व्हायच्या.

"काय विहीणबाई, तुमची टपरी आज हलणार का?"

"टपरी नाही, सरदारीण. आणि तुमच्या मासोळीचं काय? पाण्यातून काढली की तडफडते म्हणतात."

"दोन टन पोलाद आहे, बाई! तुमच्या खटाऱ्यात तर लाकूड आहे लाकूड. वाळवी लागेल."

"लाकूड आहे म्हणूनच तरंगली. वादळाच्या साली खाडी पोहून आली ती. वर बिशप बसले होते."

"मागच्या वेळी पाद्री होता."

"बढती झाली त्यांची."

आता दोन्ही गाड्यांची एक गंमत होती. मार्केसा फक्त विषम तारखेला चालायची आणि तिबुरोन फक्त सम तारखेला. हे पथ्य निकानोरने घालून दिलेलं. निकानोर हा गल्लीतला मिस्त्री. पन्नास वर्षांत त्याने कुणालाच 'होणार नाही' असं सांगितलं नव्हतं. शाम्पूचं ब्रेक-ऑइल केलेलं, कपडे धुण्याच्या मशीनच्या मोटरवर वायपर चालवलेले, दोन्ही गाड्यांच्या पोटात रशियन जीपची इंजिनं बसवलेली, आणि ती इंजिनं तिथलीच आहेत असं दोघांनाही पटवून दिलेलं. तीन वर्षांपूर्वी एक दिवस तो म्हणाला, "बाई, व्याहीबुवा, नीट ऐका. पन्नाशी उलटलेलं अमेरिकन इंजिन रोज चालवलं तर त्याचं काळीज थकतं. एक दिवस काम, एक दिवस आराम. आणि बॉनेट तुम्ही उघडायचं नाही. वारं लागतं. बाळंतिणीला जपता तसं जपायचं. रोज सकाळी मी येतो, तेलपाणी मी बघतो."

दोघांनी ते ऐकलं. बाळंतिणीचं म्हटल्यावर ओबदुलियाला तर पटलंच. रोज पहाटे निकानोर चिंध्यांत काहीतरी गुंडाळून एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायचा, पण मिस्त्री म्हटल्यावर त्याच्या हातात चिंध्या असणारच. महिना एकतीसचा असला की मार्केसाला लागोपाठ दोन दिवस मिळायचे, यावरून मात्र एवारिस्तो वर्षातून सात वेळा भांडायचा.

सगळं असं छान चाललेलं असताना युस्नेलिसला पंधरावं वर्ष लागायची वेळ आली.

पंधरावं म्हणजे काय ते सान्तियागोत कुणाला सांगावं लागत नाही. मुलीने राणीसारखा झगा घालायचा, गाडीतून वरात काढून चौकात जायचं, फोटो काढायचे, मग हॉलमध्ये नाच, भाजलेलं डुक्कर आणि निळ्या मेरँगचा, म्हणजे अंड्याच्या गोड फेसाचा, केक. लग्न दोनदा होऊ शकतं, पंधरावं एकदाच. आणि ओबदुलियाने पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून सांगून ठेवलं होतं, "माझ्या पंधराव्याला मी मार्केसातून गेले. तुझी आई मार्केसातून गेली. तूही मार्केसातूनच जाणार."

पण पोरगी पाळण्यातून उतरली, मोठी झाली, आणि तिच्या मैत्रिणी बिनटपाच्या गाडीत उभ्या राहून, केस उडवत फोटो काढू लागल्या. एक दिवस युस्नेलिस तिबुरोनच्या पंखावर हात फिरवताना ओबदुलियाने पाहिली. ही जर त्या माशात बसली, तर मार्केसाचं काय उरलं? अंगणातलं लोखंड. कोंबड्यांची बसायची जागा.

"आजी," युस्नेलिस म्हणाली, "मला भांडण नको. शनिवारी चार वाजता दोघांनी गाड्या दारात आणा. किल्ली फिरवा. जी एका दमात सुरू होईल तिच्यात मी बसेन."

"दोन्ही झाल्या तर?" एवारिस्तोने विचारलं.

"मग मी नाणं उडवीन."

आरामाच्या पथ्याचं काय, हा प्रश्न दोघांनाही पडला, पण दोघांनीही गिळला. एवढ्या मोठ्या दिवसासाठी एक आराम मोडला तर चालतो. निकानोरला ही बातमी शनिवारी सकाळी, तेलपाणी उरकून निघताना कळली. त्याचा चेहरा सोललेल्या केळ्यासारखा झाला. "उत्तम," तो म्हणाला. "फारच उत्तम." आणि सायकलवर बसून एल काने गावी बहिणीकडे आंबे बघायला निघून गेला. आंब्यांचे दिवस नव्हते.

शनिवारी सोळा तारीख होती. सम. तिबुरोनचा दिवस. हे ध्यानात येताच ओबदुलियाची झोप उडाली. आराम मोडलेल्या मार्केसापेक्षा आराम झालेला तिबुरोन आधी सुरू होणार, हे पोरालाही कळेल. तेव्हा दुपारी एवारिस्तो मिशी तरुण करायला गेला, तशी ती स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं काखेत मारून गल्ली ओलांडून गेली. कुणी विचारलं तर भात द्यायला आले म्हणायचं. पातेलं रिकामं होतं, पण झाकण होतं.

तिबुरोनचं बॉनेट तिने जन्मात पहिल्यांदा उघडलं. आत बघितलं आणि क्षणभर थबकली. आतून हे पोलाद म्हणजे तिच्या शिवणाच्या डब्यासारखं दिसत होतं, सगळीकडे तारा, दोऱ्या, तुकडे. काय काढावं? तिने एक नळी ओढली, हलली नाही. एक स्क्रू पिळला, हलला नाही. तेवढ्यात मधोमध बसलेल्या एका डब्याला तिचा हात लागला, आणि तो डबा दुधाच्या दातासारखा हलला. दोन कानवाल्या चाक्या, बोटाने फिरवायच्या, की सुटला. एवढा महत्त्वाचा अवयव आणि असा ढिला? "हीच का तुमची दोन टनांची ऐट," ओबदुलिया मनात म्हणाली, डबा पातेल्यात टाकला, वर झाकण ठेवलं आणि घरी आली.

घरी येऊन तिने विचार केला, चला, आता एकदा मार्केसाला जाग आणून बघू. दोन उशा ठेवून ती चाकामागे चढली. किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. खर्र, खर्र, आणि शेवटी एक सुस्कारा.

आता वारं लागो नाहीतर वादळ. ओबदुलियाने उतरून मार्केसाचं बॉनेट उघडलं. मधोमध एक भोक होतं. भोकाच्या दोन बाजूंना दोन बोल्ट, बोल्टांना दोन कानवाल्या चाक्या. भोकावर तेलाचा ओला डाग, आणि डागाचा आकार असा, की ओबदुलियाने पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं, पुन्हा भोकाकडे बघितलं, आणि मटकन पायरीवर बसली. ती बढाईखोर होती. मूर्ख नव्हती.

"अरे निकानोरा!" ती म्हणाली. "चिंध्यांत हे होतं होय?"

तेवढ्यात मागच्या कुंपणातून खसखस झाली आणि एवारिस्तो आत आला. मिशीची डावी बाजू काळी, उजवी बाजू पांढरी, आणि हातात पाना. विहीण घरी नसेल असं त्याला वाटलं होतं.

"साखर मागायला आलो होतो," एवारिस्तो म्हणाला.

"पाना घेऊन?"

"साखर कडक झाली असेल तर... आणि मिशीचं म्हणाल तर रंग अर्ध्यावर संपला. म्हटलं, तोवर इकडे येऊन जावं." त्याने पाना पाठीमागे नेला. "तुमच्या पातेल्यात काय आहे?"

"भात."

"भाताला पेट्रोलचा वास येतोय, विहीणबाई."

"नवीन मसाला आहे."

त्याने मार्केसाच्या उघड्या पोटात डोकावून बघितलं. मग पातेल्यात डोकावून बघितलं. मग गल्लीपलीकडे आपल्या अंगणात, जिथे तिबुरोन जबडा वासून उभा होता, तिकडे बघितलं. त्याचंही तोंड तसंच उघडलं.

"हा माझा आहे!"

"तुमचा? माझ्या भोकात अचूक बसतो!"

"आज सोळा तारीख आहे! सोळाला तो माझा असतो!"

"म्हणजे कबूल करताय की सतराला माझा असतो?"

या आरडाओरड्याने युस्नेलिस बाहेर आली. डोक्यावर एकवीस कर्लर, अंगावर घरातला जुना झगा, एका पायात बूट. आणि तिच्यामागून, सायकल हातात धरून, मान खाली घालून निकानोर आला. एल कानेच्या अर्ध्या वाटेवर त्याचं मन त्याला खायला लागलं होतं. आंबे तर मिळालेच नव्हते.

"सांगतो," निकानोर म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी व्याहीबुवांचा कार्ब्युरेटर फुटला. दुसऱ्या आठवड्यात बाईंचाही फुटला. बेटभर शोधला. हा एकच मिळाला."

"कुणाचा आहे मग हा?" एवारिस्तोने विचारलं. "फोर्डचा की शेवरोलेचा?"

"कुणाचाच नाही. साखर कारखान्याच्या ट्रकचा आहे."

"आणि तू हे आम्हाला सांगितलं का नाहीस?" ओबदुलिया ओरडली.

"कसा सांगणार, बाई? पन्नास वर्षांत मी कुणालाही 'होणार नाही' म्हटलं नाही. मग म्हटलं, दिवस वाटून घेऊ. तुम्ही दोघं भांडायला मोकळी, गाड्या चालायला मोकळ्या. आणि खरं सांगू? तुम्ही दोघांनी तीन वर्षांत एकदाही मला विचारलं नाही, की दोन्ही गाड्यांना आराम एकाच दिवशी का नाही."

भांडण पुन्हा कार्ब्युरेटरवर आलं. एवारिस्तोने पातेल्याचा एक कान धरला, ओबदुलियाने दुसरा.

"माझ्यात बसणार पोरगी!"

"माझ्यात!"

"पुरे!" युस्नेलिसने बूट आपटला. एकच होता, पण आवाज दोघांना पुरला. "मी एकाच्या गाडीत बसायचं आणि दुसऱ्याने अंगणात गाल फुगवून राहायचं, असला फोटो मला नको. दोन्ही गाड्या येतील, नाहीतर मी चालत जाईन. निकानोरकाका, दोर आहे ना? एकीत कार्ब्युरेटर घाला. ती पुढे ओढेल. दुसरी मागे दोरीला. मी मागच्या गाडीत बसणार."

"मागच्या का?" दोघांनी एकदम विचारलं.

"पुढच्या गाडीचं इंजिन चालू राहणार. धूर, काजळी, पेट्रोलचा वास. झगा पांढरा आहे, आजी. मागची गाडी शांत, स्वच्छ. राणी मागेच बसते. पुढे घोडे असतात."

ओबदुलियाने हळूच पातेल्याचा कान सोडला. एवारिस्तोनेही सोडला. पातेलं दोघांच्या मधे जमिनीवर आपटलं, आणि दोघांनीही ते एकमेकांकडे सरकवलं.

"घ्या व्याहीबुवा. तुमची तारीख आहे."

"छे छे, विहीणबाई, वयाचा मान मोठा. १९३० आधी, मग १९५७."

"तुमच्या गाडीची ताकद बघा ना! दोन टन पोलाद. शार्क."

"कुठलं पोलाद? अर्धं तर मडगार्ड पुठ्ठ्याचं आहे. वर रंग फासलाय. पाऊस आला की मी आत नेतो ती."

"अहो, पंख तरी बघा..."

"डावा पंख फ्रीजच्या दाराचा आहे. उघडून दाखवू? आतून अजून अंड्यांची खोबणी आहे. तुमची मार्केसा मात्र खरी. खाडी पोहून आली, तुम्हीच म्हणता!"

"अहो, कुठली खाडी!" ओबदुलियाने कपाळावर हात मारला. आयुष्यात असं काही बोलायची तिला सवय नव्हती. "डबक्यात अडकली होती. बैलाने ओढून काढली. पाद्री नव्हता, बिशप नव्हता. बैल होता. आणि तिचा हॉर्न वाजून नऊ वर्षं झाली. मी तोंडाने वाजवते."

"तोंडाने?" युस्नेलिस म्हणाली. "पण मी तर ऐकलाय हॉर्न!"

ओबदुलियाने तोंडाने हॉर्न वाजवून दाखवला. दूर कुठेतरी एक कोंबडी ओरडली.

एवारिस्तोलाही चेव चढला. त्याने तिबुरोनची एकेक लाज उघडी केली. चकाकते बंपर, पुढचा आणि मागचा, म्हणजे हॉस्पिटलच्या जुन्या खाटेचे दांडे. सीटमध्ये स्प्रिंगांऐवजी नारळाच्या शेंड्या. वेग दाखवणारा काटा म्हणजे स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा, म्हणून गाडी उभी असली तरी ती दुपारी बारा ते एक या वेगाने चालायची. ओबदुलिया मागे हटणारी नव्हती. मार्केसाच्या चाकाचा एक आरा छत्रीचा, आरसा डेंटिस्टचा, आणि 'एकही बोल्ट बदललेला नाही' असं ती मिरवायची ते खरं, कारण कार्ब्युरेटरचे दोन सोडले तर बोल्टच नाहीत, सगळीकडे तार आहे. दोघं कबुल्या देत होती आणि निकानोर मान डोलावत होता. हे सगळं त्याचंच काम होतं, आणि ते असं एका दमात मोजलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याची मान हळूहळू ताठ होत गेली.

"झालं?" तो शेवटी म्हणाला. "आता मी बोलतो. यात मानाचा प्रश्न नाही, वजनाचा आहे. बाईंची गाडी हलकी. व्याहीबुवांची, पुठ्ठा धरूनही, दीडपट जड. हलकी गाडी जड गाडीला चढावर ओढू शकत नाही, दोर नाहीतर क्लच तुटेल. जड पुढे, हलकी मागे. कार्ब्युरेटर तिबुरोनमध्ये."

एवारिस्तोने तोंड उघडलं, मिटलं. आपली गाडी हलकी आहे असं म्हणायला त्याची जीभ वळेना. तेवढी कबुली त्याच्याने झाली नाही.

ओबदुलियाने चेहरा शक्य तितका दुःखी केला. "काय करणार, व्याहीबुवा. मिस्त्री सांगेल तसं." आणि घरात जाऊन, दार लावून, उशीत तोंड खुपसून हसली.

पाच वाजता वरात निघाली. पुढे तिबुरोन, चाकामागे एवारिस्तो, मिशी दोन्ही बाजूंनी काळी करून. उजवी बाजू घाईत बुटाच्या पॉलिशने. त्याच्या मागच्या सीटवर तीन मजली केक, निळा, कारण दुसरीकडे कुठे मावत नव्हता. मग गलबताचा जाड दोर. मग मार्केसा, चाकामागे दोन उशांवर ओबदुलिया, आणि तिच्या शेजारी पांढऱ्या झग्याच्या ढगात बुडालेली युस्नेलिस. निकानोर सायकलवरून बाजूने.

"सावकाश!" तो ओरडला. "दोर ताणलेला ठेवा!"

तिबुरोन गुरगुरला, धूर सोडला, दोर ताणला गेला आणि मार्केसा हलली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओबदुलियाने तोंडाने हॉर्न वाजवला.

चढ लागला. तिबुरोन एक एक दगड मोजत चढू लागला. मागे मार्केसात मात्र शांतता. इंजिन बंद, खडखड नाही, काही नाही. फक्त चाकांची कुजबुज आणि झग्याची सळसळ. त्या गाडीत बसून कुणी हळू आवाजात बोलू शकतं, हे ओबदुलियाला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. आजवर तिच्यात फक्त ओरडता येत होतं.

"आजी," युस्नेलिस हळूच म्हणाली. "तू गेलीस तेव्हाही असंच वाटलं होतं?"

"कधी?"

"तुझ्या पंधराव्याला. मार्केसातून."

ओबदुलियाकडे त्या दिवसाची गोष्ट तयार होती. चाळीसेक वेळा सांगितलेली, दर वेळी एक फूल वाढवलेली. ती तोंडापर्यंत आली. पण दुपारपासून इतकं खरं बोलून झालं होतं की जीभ त्याच वळणावर गेली.

"मी चालत गेले गं," ती म्हणाली. "बाबांनी त्या दिवशी गाडी कुणाच्यातरी डुकरांसाठी दिली होती. बूट हातात घेतले, झगा गुडघ्यापर्यंत वर धरला, आणि हाच चढ चालत चढले."

"आणि आई?"

"ती बसली होती. पण अंगणातच. त्या साली मार्केसाला चाकं नव्हती, विटांवर उभी होती. फोटोत झग्याने विटा झाकल्या."

युस्नेलिसने वळून आजीकडे बघितलं. "म्हणजे मी पहिली?"

ओबदुलियाने समोर बघत मान हलवली. समोर तिबुरोनचा धूर होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी येणं साहजिक होतं.

"मग नीट चालव ना," नात म्हणाली आणि खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना राणीसारखा हलवू लागली.

चढ संपला. माथ्यावर तिबुरोनने एक खोकला काढला, मग दुसरा, आणि तिथेच इंजिन बंद पडलं. बंद पडलं पण गाडी थांबली नाही, कारण पुढे उतार होता, थेट चौकापर्यंत. दोन टन पोलाद आणि पुठ्ठा हळूहळू घसरू लागला. दोर सैल पडला. मागे मार्केसाही घसरू लागली.

"ब्रेक!" निकानोर सायकलवरून ओरडला. "बाई, ब्रेक!"

"लावलाय!" ओबदुलिया ओरडली. तिने खरंच लावला होता. शाम्पूचा फेस होऊन पायाशी येत होता, गाडीला चमेलीचा वास सुटला होता, बाकी काही होत नव्हतं.

"आजी!"

"घट्ट बस!"

एवारिस्तोने मागे वळून बघितलं. काळी सरदारीण, ताठ कण्याची, चौकोनी टपाची, त्याच्या अंगावर चालून येत होती. त्याने कचकन हँडब्रेक ओढला. तिबुरोन अडखळला, थांबायला लागला, आणि मार्केसाचं नाक त्याच्या मागच्या बंपरला जाऊन टेकलं. धडकलं नाही हं, टेकलं. पण टेकलं ते तसंच ढकलत निघालं. हॉस्पिटलच्या खाटेचा दांडा कण्हला. केकचा वरचा मजला उठला, हवेत फिरला आणि दोन पंखांच्या मधोमध बसला. दुसऱ्या मजल्याने एवारिस्तोच्या मानेवर मुक्काम केला. तिबुरोन आता शिंकत, फडफडत, निळं मेरँग उडवत पुढे, आणि मागून १९३० ची फोर्ड त्याला शाळेत नेणाऱ्या आईसारखी ढकलत आणत होती. इंजिनाशिवाय. कार्ब्युरेटरशिवाय. फक्त तोंडाच्या हॉर्नवर.

चौकात पोचेपर्यंत बाकं भरली होती. डॉमिनो खेळणारे उठून उभे राहिले. दोन्ही गाड्या फोटोवाल्याच्या तिपाईपासून दोन हातांवर, कारंज्याच्या कठड्याला टेकून थांबल्या. मग मार्केसाचं दार उघडलं, एक पांढरा बूट पायरीवर आला, मग दुसरा, आणि झगा सावरून युस्नेलिस खाली उतरली. झग्यावर एक डाग नव्हता.

एवारिस्तोनेही उतरून मानेवरचं मेरँग बोटाने काढलं, चाखलं आणि ओबदुलियाकडे बघितलं.

"गोड आहे," तो म्हणाला. "पण विहीणबाई, हे लक्षात ठेवा, चढ माझ्या गाडीने चढवला."

"चढवला ना. आणि उतरवला कुणी?"

फोटोवाला धावत आला. "काय झालं? गाडीला काय झालं? अपघात झाला का?"

ओबदुलियाने तोंड उघडलं. पण युस्नेलिस तिच्या आधी बोलली. कर्लर काढलेले केस मागे टाकत, अगदी शांतपणे, जणू काल काय जेवलो ते सांगतेय.

"अपघात कसला? शर्यत होती. माथ्यापासून. आजोबांचा तिबुरोन पुढे होता, पण आमच्या मार्केसाने वाटेत बंदराकडून येणारी बस ओलांडली, मग दोन मोटारसायकली ओलांडल्या, मग एक अग्निशमनची गाडी. शेवटच्या वळणावर आजोबांची गाडी दमली, तर मार्केसाला दया आली. म्हणाली, चल, तुलाही नेते. ताशी साठने ढकलत आणलं."

फोटोवाल्याने डोळे मोठे करून त्या दोन गाड्यांकडे बघितलं. एवारिस्तोने काही बोलायला तोंड उघडलं, तर ओबदुलियाने त्याचंच मेरँगचं बोट त्याच्या तोंडात घातलं.

ती नातीकडे बघत होती. जशी पहिल्यांदाच बघत असावी तशी.

"साठ नव्हे," ती फोटोवाल्याला म्हणाली. "पोरगी लाजरी आहे. ऐंशी."